आमचा वलंदेज लेफ्ट आऊट

माझ्या थोरल्या बहिणीच्या, रोझीच्या नवऱ्याला गेल्या महिन्यात हॉलंडहून एक फॉर्म आला. ब्राम भावोजी तरुणपणी तिथल्या ज्या क्लबाकडून फुटबॉल खेळायचे, त्याला पंच्याहत्तर वर्षं होताहेत, म्हणून जुन्या खेळाडूंची माहिती छापायची आहे. नाव, जन्मसाल, खेळायची जागा, सामने किती, गोल किती. शेवटचा प्रश्न होता, खेळणं का सोडलं? खाली तीन चौकोन: दुखापत, वय, इतर. भावोजींनी 'इतर'वर फुली मारली आणि कागद पाकिटात घातला. "अहो, पुढे दोन ओळी जागा ठेवली आहे त्यांनी, लिहा की काहीतरी," मी म्हटलं. "दोन ओळींत मावणार नाही, डेझी," ते हिब्रूत म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवायला लागले.

म्हणून मीच लिहायला बसले आहे, आणि तेही मराठीत. हिब्रूत लिहिलं तर ते मागे उभे राहून वाक्यावाक्याला चुका काढतील. मराठी त्यांना बोलता येतं, आईशी मासळीतल्या मिठावरून भांडण्याइतकं चांगलं येतं, पण वाचायचं म्हटलं तर अक्षर ओळखत नाहीत. आता मला कोण अडवतो ते बघू.

ब्राम द फ्रीस हा माणूस त्रेचाळीस साली जन्मला. युद्ध चालू होतं आणि मूल ज्यू होतं. आईबापांनी त्याला दूर खेड्यातल्या एका शेतकऱ्याकडे लपवायला दिलं, आणि ते दोघं परत आले नाहीत. हे मी एकदाच लिहिते, कारण भावोजींनीही आम्हाला ते एकदाच सांगितलं. त्या शेतावर अकरा गाई होत्या आणि खेळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पोरगा गाईंना चकवत चेंडू न्यायला शिकला. ते म्हणतात, गाय पाय घालत नाही पण वाटेतून हटतही नाही, त्यामुळे वळसा फार बारीक घ्यावा लागतो. सतराव्या वर्षी त्यांना एका क्लबाने उचललं, पगार सुरू झाला, आणि चार वर्षं दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये त्यांनी डाव्या कडेवरून धुमाकूळ घातला. मग एका मोठ्या क्लबाने बोलावलं. तिथे दोन वर्षांत अकरा सामने मिळाले आणि बाकीचा वेळ बाकावर बसून गेला. "तो बाक मला अजून ओळखेल," असं ते म्हणतात.

सदुसष्टच्या युद्धानंतर इकडे इस्राएलात कामाला हात हवे होते. ते दोन महिन्यांसाठी एका किबुत्झावर, म्हणजे सामुदायिक शेतावर, टोमॅटो तोडायला आले आणि राहिले. पुढच्या वर्षी खनिजाच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली, आणि कारखान्याच्या बसने एक उंच, पिवळ्या केसांचा, उन्हाने बीटासारखा लाल झालेला माणूस आमच्या डिमोनात उतरला. आमच्या आईने, डिनाबाईने, त्याला बाजारात पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "गावात एक वलंदेज आलाय." डच माणसाला ती शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला हाच शब्द वापरायची. तेव्हापासून आमच्या सगळ्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, आळीत तो वलंदेजच.

गावचा क्लब तेव्हा तिसऱ्या लीगमध्ये गटांगळ्या खात होता. मैदानावर गवताचं एक पातं नव्हतं. नुसती वाळू आणि खडी, पडलं की गुडघ्याची सालटी निघायची. क्लबचा सेक्रेटरी आमोस, मोरोक्कोहून आलेला न्हावी. त्याने वलंदेजाची दाढी करता करता चौकशी केली आणि आठवड्याभरात त्याला डाव्या कडेला उभं केलं. पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्या फुलबॅकला असं नाचवलं की तो बिचारा शेवटी पंचाकडे तक्रार करायला गेला. गाव वेडं झालं. आणि सगळ्यांत वेडे झाले ते आमचे पपा.

पपा म्हणजे अबाजी पेझारकर. कोकणातल्या पेझारीहून मुंबईला, मुंबईहून चौसष्ट साली डिमोनाला, आणि इथेही पुन्हा कापडगिरणीतच. त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी पक्क्या. एक शब्बाथ, आम्हा ज्यूंचा शनिवार, ज्या दिवशी कसलंही काम करायचं नाही की पैशाला हात लावायचा नाही. मुंबईत त्यांनी चांगल्या गिरणीतली जॉबरची, म्हणजे मुकादमाची, जागा सोडून ज्यू मालकाची गिरणी धरली, कारण ती शनिवारी बंद असायची. दुसरी फुटबॉल. कूपरेजच्या मैदानावर त्यांनी इतके सामने पाहिले होते की अकरा खेळाडूंच्या जागा ते झोपेत सांगायचे, जुन्या मुंबईच्या भाषेत: राइट आऊट, सेंटर हाफ, लेफ्ट आऊट. मुंबईत सामने रविवारीही असायचे, तेव्हा भांडण नव्हतं. इस्राएलात आले आणि बघतात तो काय, ज्यूंच्या देशात फुटबॉल शनिवारी!

पपांनी तोड काढली. तिकीट शुक्रवारी दुपारी काढायचं आणि फाटकावरच्या माणसाकडे ठेवायचं, म्हणजे शनिवारी खिशात कागद नाही की पैसा नाही. मैदानापर्यंत चालत जायचं. बसायचं आणि बघायचं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून मैदान दिसायचं, पण एकच कोपरा. वलंदेज त्या कोपऱ्यात अर्धाच सामना असायचा, म्हणून पपांना ते पुरेना. "बघनं म्हंजे काम नाय," ते म्हणायचे. ओरडणंही काम नाही, उड्या मारणंही नाही, शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालणंही नाही.

अशा माणसाच्या मुलीवर वलंदेजाचा जीव जडला. रोझी पपांच्याच गिरणीत शिवणखात्यात होती. दोघांची ओळख कारखान्यांच्या बस-थांब्यावर झाली आणि वर्षभर त्या थांब्यावर दोघांच्याही बसा चुकत राहिल्या. तो आमच्या घरी शुक्रवारी जेवायला यायला लागला. नारळाच्या रसातलं मटण त्याने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळे मिटून घेतले, आणि आईने तेवढ्यावर त्याला पास केलं. पपाही खूश होते, सत्तरच्या वसंतात एका रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून रोझीला मागणी घालायला येईपर्यंत.

"ऐक पोरा," पपा म्हणाले. "आपले वाडवडील कोकणात तेल गाळायचे. किताब हरवली, हिब्रू विसरले, सगला विसरले. पन शनवारी घाना बंद! लोक आपल्याला शनवार तेली बोलायचे. तेवढ्या एका गोष्टीवर आपन ज्यू राहिलो. आनि हितं आल्यावर लोकांनी तोंडावर विचारलान, तुमी खरे ज्यू कशावरून? तवा मी हेच सांगितलान. आता माजा जावई शनवारी पब्लिकसमोर चड्डी घालून धावनार?"

"पण तुम्ही येता ना बघायला," वलंदेज कळवळून म्हणाला.

"मी बघतो. तू खेलतोस. शनवारी खेलनाऱ्याला माजी मुलगी मिलनार नाय. फिनिश."

दुसऱ्या कुठल्या वारी सामना नसतो, शनिवार सोडून लीग नाही, आणि चेंडू सोडून या माणसाला जगात स्वतःचं असं काही नव्हतं. रोझी म्हणाली, "पपांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही, आणि तू खेळ सोड असंही सांगणार नाही." झालं! पुढचं सगळं वर्ष आमच्या घरात हा तमाशा. शनिवारी पपा मैदानावर घसा फोडून ओरडायचे, "लेफ्ट आऊटला दे रे, लेफ्ट आऊटला!" आणि रविवारी तोच लेफ्ट आऊट रस्त्यात शालोम म्हणाला तर आभाळाकडे बघत पुढे जायचे. रोझीचं वजन उतरलं. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटायचं, पपा आणि वलंदेज, दोघांनाही एकेक ठेवून द्यावी.

एकाहत्तरच्या मे महिन्यात लीगचा शेवटचा सामना आला, आमच्याच मैदानावर, अश्दोदच्या एका संघाशी. जिंकलो तर दुसऱ्या लीगमध्ये. बरोबरी झाली तरी अश्दोदवाले वर आणि आम्ही तिथेच. अश्दोदला आमची अर्धी नातीगोती. शब्बाथला बस नाही, म्हणून ती सगळी शुक्रवारीच येऊन थडकली. बंदरावर काम करणारा आमचा मोझेसमामा बायकापोरांसकट सात डोकी घेऊन आला. गाद्या पुरेनात, आईने पडदे काढून अंथरले. मामा आमच्याच घरात, आमचंच मटण खाऊन, अश्दोद कसं तीन गोलांनी जिंकणार ते सांगत होता. पपांनी त्याला दुसऱ्यांदा वाढू दिलं नाही.

शनिवारी अख्खं गाव मैदानावर. पहिल्या अर्ध्यात अश्दोदने गोल चढवला आणि मामा उठून नाचला. दुसऱ्या अर्ध्यात वलंदेजाने कडेवरून असा चेंडू टाकला की आमच्या सेंटर फॉरवर्डने डोळे मिटून डोकं लावलं तरी आत गेला. एक-एक. मग वेळ पळायला लागला. पाच मिनिटं उरली आणि चेंडू पुन्हा वलंदेजाच्या पायात आला, मधल्या रेषेवर, डावीकडे, बरोबर आमच्या समोर.

पपा बाकावर चढले. त्यांचे दोन्ही हात वर होते आणि आवाज फाटला होता. "एलियाहू हानाबी!" ते ओरडले. "ह्यो गोल हू दे! मलिदा करीन! शनवारी खेलो, नाय तर काय पन करो, रोझी ह्याला दिली!"

एलियाहू हानाबी हा आमचा नवसाला पावणारा प्रेषित, त्याचा नवस म्हणजे आमच्यात थट्टा नाही. पोहे, नारळ, साखर, वेलची, फळं मांडून मलिदा करतात, आणि बोललेलं फेडावंच लागतं. पपांच्या शेजारी हासाजीकाका होते, आमच्या प्रार्थनाघरात प्रार्थना चालवणारे. त्यांच्यामागे आळीतली चाळीस माणसं. सगळ्यांनी ऐकलं. मी आईकडे पाहिलं, आईने तोंडावर पदर घेतला होता आणि ती हसत होती.

इकडे वलंदेजाने पहिल्याला चकवलं, दुसऱ्याला गाईसारखा वळसा घातला, गोलकीपर पुढे धावत आला. आणि तेव्हा त्याने उजवा पाय मारला. उजवा! तीन वर्षांत त्या पायाचा उपयोग आम्ही फक्त उभं राहण्यासाठी पाहिला होता. चेंडू खडीवर दोन टप्पे घेत, लाजत लाजत, खांबाला घासून आत गेला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मोझेसमामाच पपांच्या गळ्यात पडला हे मात्र नक्की, त्यालाही क्षणभर आपण कुठले ते आठवलं नसावं.

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, आणि आमोस ढोलकी वाजवत अख्खा संघ घेऊन आमच्या तीन मजल्यांच्या जिन्यात घुसला. पपांनी वलंदेजाला मधोमध उभं केलं, आपला नवस सगळ्यांना ऐकवला, मोरोक्कोवाल्यांसाठी हिब्रूतही ऐकवला, आणि रोझीचा हात धरून पुढे आणला. "घे! आनि शनवारी खेल, बिनधास्त खेल!"

वलंदेजाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी पण नवस केला," तो म्हणाला.

ढोलकी थांबली.

"हाफटाइमला. आपण एकने मागे होतो." तो निम्मं मराठीत, निम्मं हिब्रूत सांगत होता. "तुमच्याकडे मागच्या मलिद्याला आईंनी सांगितलं होतं, एलियाहू हानाबीकडे काही मागायचं तर आपली आवडती गोष्ट सोडायची. मी म्हटलं, आज माझ्या पायाने जिंकू दे. मग हा माझा शेवटचा शनिवार."

आई मटकन खाली बसली. "मी वांगी सोड म्हटलं असतं रे!" ती म्हणाली. आमोसने कपाळावर हात मारला. आणि पपा, ज्यांनी वर्षभर नेमकं हेच मागितलं होतं, ते चिडून लालेलाल झाले. "मागे घे!" ते ओरडले. "आता दिली ना मुलगी! कोनी सांगितला व्हता तुला?"

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे चाललं ते बघायला लोकांनी तिकीट काढलं असतं. साखरपुडा झाला, मलिदा झाला, लग्नाची तारीख ठरली. आणि पपा रोज संध्याकाळी होणाऱ्या जावयासमोर बसून शनिवारी फुटबॉल खेळणं कसं पाप नाही ते पटवायचे. खेळ म्हणजे काम नव्हे. धावणं म्हणजे जलद चालणं. वलंदेज नम्रपणे म्हणायचा, "पपा, घाणा तुम्हीच सांगितलात." गाव पपांवर भडकलं होतं. भाजीवाला त्यांना मऊ टोमॅटो द्यायचा. आमोसने एकदा त्यांची अर्धी दाढी केली आणि विचारलं, "खेळणार की नाही तो?" पपा म्हणाले नाही, तर हा टॉवेल झटकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. पपा अर्ध्या फेसासकट घरी आले.

पण मी एक गोष्ट पाहिली होती. आठवड्यात मधल्याच एखाद्या वारी, दुपारच्या पाळीनंतर, वलंदेज मैदानावर एकटा जायचा. चेंडू घेऊन डाव्या कडेने धावायचा, रिकाम्या गोलात मारायचा, स्वतःच आणायला जायचा. बाल्कनीतला आमचा कोपरा आला की दिसायचा, मग नाहीसा व्हायचा. सत्तावीस वर्षांचा माणूस, पायात अजून सात-आठ वर्षांचा खेळ. मला ते बघवत नसे. रोझीलाही नसे. ती त्याला म्हणाली, "सोडवून घे नवस. मी काही पळून जात नाही."

कारण सुटका होती. हासाजीकाकांनीच सांगितलं. रोश हाशानाच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, आधी तीन माणसांनी न्यायाला बसायचं, नवस केलेल्याने त्यांच्यापुढे उभं राहून म्हणायचं की मला पस्तावा झाला, आणि तिघांनी तीनदा म्हणायचं, तू मोकळा आहेस. संपलं. हे ऐकल्यावर पपांनी हासाजीकाकांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, प्रार्थनाघरात न्याय बसला. हासाजीकाका मध्ये, एका बाजूला खास अश्दोदहून आलेला मोझेसमामा, दुसऱ्या बाजूला पपा, हट्टाने. दारात आम्ही बायका. बाहेर आमोस, नव्या मोसमाचा फॉर्म आणि तेल लावलेले बूट घेऊन, आणि त्याच्यामागे निम्मं गाव. नव्या लीगचा पहिला सामना सहा दिवसांवर होता.

हासाजीकाकांनी घसा साफ केला. "ब्राम, असं व्हईल हे म्हाईत असतं, अबाजी आपनहून मुलगी देनार हे म्हाईत असतं, तर हा नवस केला असतास का?"

उत्तर पाठ करून घेतलं होतं. पपांनी स्वतः घेतलं होतं, तीन दिवस. नसता केला, मला पस्तावा होतो. एवढंच म्हणायचं होतं.

वलंदेजाने बाहेरच्या बुटांकडे पाहिलं. ते चांगले बूट होते. मग त्याने दारात उभ्या असलेल्या रोझीकडे पाहिलं, आणि मला तेव्हाच कळलं.

"केला असता," तो म्हणाला.

"अरे, पस्तावा बोल, पस्तावा!" मोझेसमामा न्यायाधीशाच्या जागेवरून कुजबुजला.

"नाही होत." त्याचा आवाज कापत होता, पण तो हसत होता. "मी लहान होतो तेव्हा शेतावर रविवार पाळायचे. चांगली माणसं होती, पण तो रविवार त्यांचा होता. क्लबात सगळेच दिवस क्लबचे. आजपर्यंत कुठलाही दिवस माझा नव्हता. हा शनिवार मी स्वतः दिला आणि त्याच्या बदल्यात मला घर मिळालं. फार वाईट वाटतं, पपा. रोज वाटतं. पण पस्तावा नाही."

हासाजीकाकांनी पपांकडे पाहिलं. पपांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग ते उठले, न्यायाच्या टेबलाला वळसा घालून पुढे आले, त्या उंच माणसाच्या छातीपर्यंतच त्यांचं डोकं पोचत होतं, आणि त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

"आमोस!" ते मिठीतूनच दाराकडे तोंड करून ओरडले. "दुसरा लेफ्ट आऊट बघ! ह्यो आमचा झाला!"

आमोसला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण मिठी कळली. त्याने बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, बूट खांद्यावर टाकले आणि डोळे पुसत पुसत मोठ्याने मझल तोव, अभिनंदन, म्हणाला.